बायकोच्या गाण्याचं पोस्टर

नाही नाही, उठू नका, बसा, कार्यक्रम रद्द नाही, कोण म्हणालं रद्द?... गायिका निघालीय, घरून साडेचारलाच निघालीय, फक्त ती इकडे यायला लागली की लोक तिला धरून परत घरी नेऊन सोडताहेत, आता त्याला मी काय करू? म्हणजे केलंय मीच म्हणा, सगळा घोळ मीच घालून ठेवलाय! तुम्हाला सांगतो, एक कागद तर करायचा होता हो, एक कागद! ‘रविवारी संध्याकाळी पाच, वाचनालयाचा हॉल, गाणं’, संपलं! पण मला कुठला दम निघतोय!

तसा मी गाण्यातला नाही, मी पाणीखात्यातला. जन्मभर नळांचे नकाशे काढले, कुठला पाइप कुठल्या गल्लीत वळतो ते मला झोपेतून उठवून विचारा. गाणारी बायको. म्हणजे गायची, लग्नाआधी. यंदा मुलीने भरीला घातलं आणि हिने ठरवलं, आयुष्यात एकदा, एकदाच, लोकांसमोर बसून दोन तास गायचं. हॉल घेतला, ऐंशी खुर्च्या, आणि तेव्हापासून हिच्या जिवाला एकच घोर, “अहो, ऐंशी खुर्च्या आणि समोर फक्त तुम्ही आणि पोरगी बसलात तर? मी पुन्हा तोंड उघडणार नाही हं, आधीच सांगते.” मी म्हटलं, “घाबरतेस काय, पोस्टर मी करतो!” तर म्हणते, “छापखान्यात देऊन टाकू या ना, एक कागद तर करायचाय.” झालं! तीस वर्षं कागदावर मान मोडलेल्या माणसाला ‘एक कागद’ म्हणायचं? इरेलाच पेटलो मी!

पहिलं केलं ते माझ्या पद्धतीचं. मधोमध गायिका, चारी बाजूंनी बाण, प्रवेश इकडून, निर्गम तिकडून, खाली प्रमाण, एकास शंभर. मुलगी बघतच राहिली. “बाबा, हे बघून लोक गाणं ऐकायला येणार नाहीत रे, मीटर बसवून मागायला येतील.”

मग गेलो छापखान्यात. छापखानेवाल्याने हा एवढा जाडजूड अल्बम काढला, थुंकी लावून पानं उलटतोय, “हे बघा काका, ही जुनी पद्धत, हाताने काढलेली जाड अक्षरं, खाली सावली. ही नुसती अक्षरांची, चित्र औषधाला नाही. ही कातरून चिकटवल्यासारखी, डोकं एकाचं, टोपी दुसऱ्याची. आणि ही गोल, त्रिकोण, चौकोन... यात गाणं कुठंय ते विचारायचं नाही.” म्हटलं, “यातली चांगली कुठली?” “सगळ्याच चांगल्या! पण काहीही करा काका, पिवळ्यावर काळं करा. पिवळ्यावर काळं दिसलं की माणूस थांबतोच. त्याला वाटतं पुढे खड्डा आहे.” इकडे मुलीचं वेगळंच, “बाबा, मोकळी जागा सोड! कागदाला श्वास घेऊ दे! आणि मुख्य म्हणजे कुणाची नक्कल नको, प्रेरणा घे.” आता ही प्रेरणा मिळते कुठे? किलोवर मिळते का? तर म्हणे भिंतींवर मिळते, फिर, बघ, लोक कुठे थांबतात ते बघ. सांगा, एक कागद तर करायचा होता!

पण बघायचं म्हटलं की मी नीट बघतो. गळती शोधायला जायचो तशी घडीची खुर्ची घेतली, वही घेतली, आणि बाजाराच्या कोपऱ्यावरच्या लांबलचक भिंतीसमोर नऊ ते बारा ठाण मांडून बसलो. भिंतीवर चौदा पोस्टरं. कुणी थांबलं की वहीत रेघ. त्रिकोण-चौकोनवालं, शून्य. जाड अक्षरवालं, दोन, तेही नवरा-बायको, भांडायला थांबलेले. एक निळं पोस्टर तर इतकं सुरेख, इतकं सुरेख, की त्याच्यापुढे एक माणूस थांबून खाली वाकला तर मला भरूनच आलं... चपलेतला खडा काढत होता तो! आणि त्याच भिंतीच्या टोकाला एक चिटोरं, वहीचं पान फाडलेलं, ‘हरवले आहे’, खाली मांजराचा धुरकट फोटो, कान फाटका, शेवटी दूध पिताना दिसले. एक्केचाळीस माणसं! एक्केचाळीस! एक बाई मोठ्याने वाचत होती, एक गृहस्थ लगेच ओणवे होऊन गाडीखाली बघायला लागले. मी ताडकन उठलो. म्हटलं, सापडली! प्रेरणा सापडली!

घरी येऊन एका बैठकीत लिहून काढलं. पिवळ्यावर काळं, वर एवढ्या मोठ्या अक्षरात ‘हरवली आहे’, खाली हिचा फोटो, मग मुलीसाठी भरपूर मोकळी जागा, कागदाने पोटभर श्वास घ्यावा इतकी, आणि त्या जागेपायी बाकीचा मजकूर तळाशी, बारीक. ‘एक गायिका. वय चोपन्न, चष्मा आहे. लग्नानंतर हरवली. शेवटची दिसली स्वयंपाकघरात, नळ सोडून गुणगुणताना. रविवारी पाच वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये सापडेल.’ आणि माझा फोन नंबर.

ते नळाचं खरं आहे बरं का. ही भांडी घासताना नळ मोठा सोडायची आणि त्या आवाजाआड हळूच गायची, म्हणजे कुणाला ऐकू जायला नको. आणि मी पाणीखात्यातला, मी बाहेरून ओरडायचो, “नळ बंद कर, पाणी वाया जातंय!” नळ बंद व्हायचा. गाणंही बंद व्हायचं. तीस वर्षं मला वाटायचं मी पाणी वाचवतोय... पोस्टर लिहायला बसलो तेव्हा हे डोक्यात आलं, आणि खरं सांगतो, माझी मला लाज वाटली.

असो! तर हिने ते भिंतीवर लागल्यावरच पाहिलं. दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, मला वाटलं आता काहीतरी छान बोलणार. तर म्हणाली, “वय कशाला घालायचं हो?”

आणि मग सुरू झालं! लोक वरचं वाचतात, फोटो बघतात, तळाचं बारीक कोण वाचतो? सकाळी सहाला फोन, “तुमच्या त्या भाजी घेताहेत, अडवून ठेवू का?” दुपारी फोन, “आत्ता बसमध्ये चढल्या, पण घाबरलेल्या वाटत नाहीत.” परवा तर दोन आज्या हिला दोन्ही दंडांना धरून घरी, “बाळा, घरचे रागावत नाहीत, चल.” ही चोपन्नची आणि बाळ! मी म्हटलं, काढून टाकू पोस्टरं. पण खळ कुणी लावलीय? मी! भिंत निघेल, कागद निघायचा नाही. दीडशे लावलीत. एक कागद तर करायचा होता...

आणि आज ही म्हणाली, “तुम्ही पुढे जा, मी एकटी शांतपणे चालत येते, आवाज मोकळा होतो.” पहिल्या वळणावर धरली. परत घरी. पुन्हा निघाली, पुन्हा धरली! ही जीव तोडून सांगतेय, “अहो सोडा, मला गायला जायचंय, हॉलभर लोक माझी वाट बघताहेत!” तर ते मलाच फोनवर काय सांगतात, “बिचाऱ्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय हो, म्हणतात मी गायिका आहे!”

आता तुम्ही हसा, पण तुमच्यातले तरी किती गाणं ऐकायला आलाय? पहिल्या रांगेतल्या या ताई माझं सांत्वन करायला डबा घेऊन आल्यात. ते मागचे काका, ‘पाचला सापडेल म्हणजे यांना आधीच कसं ठाऊक?’ म्हणून संशय घेऊन आलेत. येऊ दे! ऐंशी खुर्च्या भरल्या, माणसं भिंतीला टेकून उभी आहेत...

थांबा. दार उघडलं. आली! आली आली, पोलिसाने हाताला धरून आणलीय, तळाचं बारीक त्याने वाचलेलं दिसतंय, पण आणलीय! साहेब, सोडा तिला, आमचीच आहे. अगं बस, आधी घोटभर पाणी पी, हे बघ, एक खुर्ची रिकामी नाही, बघितलंस का? रडतेस काय, गा आता!... हो, हो, मी खाली बसतो, बडबड बंद. माझी खुर्ची... साहेब, ती माझी खुर्ची आहे. काय म्हणता? “बाई पुन्हा हरवू नयेत म्हणून कार्यक्रम संपेपर्यंत मी इथेच बसतो”?... बसा, बसा साहेब, तुम्हीच बसा. तीस वर्षं राखणीला मी होतो, तेव्हाच तर हरवली. मी उभा राहतो मागे.