पंपघरातले झाकण

नाव: लोरेटा हॅवरिलक. वय: ६१ वर्षे. धंदा: शाळेची बस चालवणे. राहणार: एल्म रस्ता, ऑस्टरफेल्ड, सस्कॅचेवान. जबाब घेतल्याची तारीख व वेळ: २७ जानेवारी, सकाळी १०.२०. लिहून घेणार: कॉन्स्टेबल मॉरिन.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती मायरन यांना जाऊन नऊ वर्षे झाली. मी सव्वीस वर्षे बस चालवते आहे, त्यामुळे वेळ सांगते ती घड्याळ पाहून सांगते.

वेंडेल फ्रोज, वय ६५, आणि त्याची धाकटी बहीण आर्डिथ, वय ५६, यांना मी तीस वर्षांपासून ओळखते. दोघांनीही लग्न केले नाही, गावात एकाच घरात राहतात. वेंडेल पूर्वी शेती करत असे, आर्डिथ पोस्टात आहे. थंडीच्या दिवसांत वेंडेल रोज सकाळी पावणेसातला येऊन माझ्या बसचे इंजिन गरम करून ठेवतो, माझ्या हातात कॉफी देतो आणि मागे वळून न पाहता निघून जातो. असे गेली सात वर्षे चालू आहे. मी त्याला तसे करायला सांगितलेले नाही. तो येतो.

त्यांची आई ऑक्टोबर १९७४ मध्ये घर सोडून कॅलगरीला निघून गेली, असे गावात सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा वेंडेल चौदा वर्षांचा आणि आर्डिथ पाच वर्षांची होती. आईचे पत्र कधी आले नाही. त्यांचे वडील १९९१ मध्ये वारले. मळा २००९ मध्ये शहरातल्या एका कंपनीला विकला गेला.

आम्ही चौघे दर रविवारी दुपारी दोन ते साडेचार कर्लिंग रिंकच्या वरच्या खोलीत खेळायला जमतो; खाली रिंकवर बर्फावरून जड दगड सरकवण्याचा खेळ चालतो. चौथी रोविना, वय ३४, वृद्धाश्रमात काम करते. खेळ असा की, एकाने गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसे व्हायचे. काय करायचे ते ज्याचे त्याने बोलून ठरवायचे, आणि जमले की फसले ते फाशांवर. आधी ग्रंथालयातली मुलगी गोष्ट चालवायची. ती बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा तिघांनी माझ्याकडे पाहिले. वेंडेल म्हणाला, "चाळीस पोरांना तू नजरेने गप्प बसवतेस, तुला आम्ही तिघे काय जड?" मी भुताची गोष्ट चालवायचे कबूल केले. मला पूर्वानुभव नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवते.

मी तीन आठवडे खपून गोष्ट तयार केली. हिमवादळात अडकलेले तीन प्रवासी एका ओसाड मळ्यावर आसरा घेतात. घरात नऊ खोल्या, प्रत्येक खोलीत काय आहे ते सात पानांवर लिहिलेले. वेंडेल रेडिओ दुरुस्त करणारा टोबियास झाला, वय तीस. आर्डिथ जमीन मोजणारी झाली. रोविना नर्स झाली आणि म्हणाली, "घरी नर्स, दारी नर्स, भुतालाही मीच औषध द्यायचं का?"

नियम दोन होते. पहिला माझा: "माझा माणूस दार उघडतो" असे म्हणायचे नाही, "मी दार उघडतो" असेच म्हणायचे. त्याने जास्त भीती वाटते. दुसरा नियम जुना: टेबलाच्या मध्ये पुठ्ठ्याचा एक लाल पत्ता ठेवलेला असतो. कुणालाही एखादा प्रसंग सोसवेना झाला तर त्याने पत्त्यावर हात ठेवायचा. प्रसंग तिथेच सोडायचा आणि का ते विचारायचे नाही. खेळात नाही आणि नंतर जिन्यातही नाही.

रविवार ११ जानेवारी रोजी खेळ सुरू झाला. तिघांपैकी एकही मी रचलेल्या घरात शिरला नाही. माझी सात पाने टेबलावर तशीच राहिली आणि हे लोक अंगण ओलांडून पंपघराकडे गेले, कारण मी बोलता बोलता "बाजूला पंपघर आहे" एवढेच म्हणून बसले होते. पंपघरात काय आहे ते मी ठरवलेलेच नव्हते. नवख्या माणसाने अशा वेळी खेळणाऱ्यालाच विचारावे असे मला ग्रंथालयातल्या मुलीने सांगितले होते. मी आर्डिथला विचारले, "तूच सांग, आत काय दिसतं?"

तिने लगेच सांगितले. जमिनीखाली पाण्याचा हौद आहे. त्यावर फळ्यांचे झाकण आहे. झाकणाला तीन खिळे आहेत, दोन सरळ आणि एक वाकडा. फटीत हिरवी लोकर अडकली आहे. "मला त्या झाकणावर बसायची मनाई आहे," असे ती शेवटी म्हणाली. वेंडेल नेहमी सूर्यफुलाच्या बिया चघळत असतो. त्याचे तोंड थांबले आणि त्याने पत्त्यावर हात ठेवला. वेळ २.५५.

मी प्रसंग सोडला. का ते विचारले नाही. घरी जाऊन मी वहीत "सगळे घाबरले. छान जमलं." असे लिहिले आहे. वही सोबत जोडली आहे. ते वाक्य मला आज वाचवत नाही.

बुधवार १४ जानेवारी रोजी ३.५० वाजता शेवटचे मूल उतरवून मी बस लावत असताना आर्डिथ पोस्टाच्या कोटातच आली आणि पहिल्या बाकावर बसली. ती म्हणाली, "लोरेटा, ते मी रचलेलं नव्हतं."

मी म्हणाले, "मग कुठून आलं?"

"माहीत नाही. तू विचारलंस आणि ते तोंडात तयार होतं. आईचा हिरवा स्वेटर होता. ती गेली तेव्हा तोच घालून गेली असं बाबा सांगायचे."

"वेंडेलला विचार की."

"त्याला घरी विचारलं की तो उठून बर्फ उपसायला जातो. बर्फ नसला तरी जातो. खेळात तू विचारलंस तर त्याला उत्तर द्यावं लागतं. तूच विचार ना गं."

मी नियम सांगितला. आर्डिथ म्हणाली, "पत्ता तिथेच असेल. नको वाटलं तर ठेवेल हात." मी हो म्हणाले. हे मी जाणूनबुजून केले. मला कुणी फसवले नाही. आर्डिथचे तोंड पाहवत नव्हते म्हणून केले आणि थोडे स्वतःलाही ऐकायचे होते म्हणून केले. मी सात वर्षे त्याच्या हातची कॉफी पिते आहे आणि तो कधी मागे वळून का पाहत नाही हे मला कळलेले नव्हते.

१८ जानेवारीला रस्ते बंद असल्याने खेळ झाला नाही.

रविवार २५ जानेवारी रोजी दोन वाजता चौघे हजर होतो. रोविनाने केळ्याचे गोड रोल तळून आणले होते. खाली रिंकवर सामने चालू होते. २.२० वाजता मी गोष्ट पुन्हा पंपघराशी आणली आणि म्हणाले, "टोबियास, झाकण तुझ्या पायाशी आहे. तूच सांग, त्याच्या खाली काय आहे?"

कॉन्स्टेबल मॉरिन यांनी "थोडक्यात सांगा, मावशी," असे म्हटले. यापेक्षा थोडक्यात हे सांगता येत नाही.

वेंडेलने पत्त्याकडे हात नेला. मला वाटले, सुटलो. त्याने पत्ता उचलला आणि आर्डिथपुढे धरला. "हा तुझ्याकडे ठेव. नको झालं की वर कर, मी थांबेन." आर्डिथने पत्ता कोटाच्या खिशात घातला आणि खिशाची चेन ओढून घेतली.

त्यानंतर वेंडेल अकरा मिनिटे बोलला. आठवते तसे सांगते. वेंडेल म्हणाला, "मी चौदा वर्षांचा आहे. बाबा म्हणतात, खिळे आण. मी तीन आणतो. बाबांच्या हाताला खरचटलेलं आहे. ते म्हणतात, तुझी आई कॅलगरीला गेली, बहिणीला असंच सांगायचं. मी झाकण ठोकायला बसतो. फटीतून हिरवं काहीतरी दिसतं. मी नीट बघत नाही. दोन खिळे सरळ जातात. तिसऱ्याच्या वेळी खालून आवाज येतो, ठक ठक. मी मनात म्हणतो, पंप असेल. मी हातोडी जोरात मारतो आणि खिळा वाकतो."

रोविना म्हणाली, "बस झालं रे, वेंडेल." तो थांबला नाही, कारण पत्ता तिच्याकडे नव्हता.

वेंडेल म्हणाला, "पंप नव्हता तो. पंप सकाळीच मी खोलला होता. बाहेर गवतावर पडला होता."

आर्डिथने विचारले, "किती वेळा वाजलं?"

वेंडेल म्हणाला, "चार वेळा."

"नंतर?"

वेंडेल म्हणाला, "नंतर मी तुला घेऊन तळ्यावर गेलो. तू बदकं मोजत होतीस. मी तुला मोठ्याने मोजायला लावलं."

तेवढ्यात खाली रिंकवर दगडावर दगड आपटला. तो आवाज त्या खोलीत दर रविवारी दहादा येतो. त्या वेळी चौघेही जागेवरून उठलो. रोविना रडत मला म्हणाली, "लोरेटा, हा खेळ आहे ना? तू चालवतेस ना? मग पुढे काहीतरी सांग ना!" पुढे काय होते ते सांगणे माझे काम होते. मी फासे डब्यात भरले. वेंडेलने नेहमीप्रमाणे चारही कप विसळले आणि पुसून ठेवले. वेळ २.४५.

सोमवारी सकाळी पावणेसातला बसचे इंजिन थंड होते. त्याच दिवशी आर्डिथने या ठाण्यात तक्रार दिली. संध्याकाळी ५.१० वाजता वेंडेलचा मला फोन आला. तो म्हणाला, "पोलीस येऊन गेले. तो खेळ होता एवढंच मी सांगितलं."

मी म्हणाले, "वेंडेल, असं नको करूस."

"तूच नियम केलास ना, 'मी' म्हणायचं म्हणून? तुझ्याच नियमानं बोललो." मग म्हणाला, "आर्डीला सांगायचं होतं, सांगून झालं. आता कशाला उकरायचं? बाबा गेले. मी पासष्टचा. तू खेळ म्हणालीस की विषय संपला. मग उद्यापासून येतो इंजिन लावायला."

आज सकाळी नऊ वाजता आर्डिथ मला ठाण्याच्या दारात भेटली. कंपनी मळ्यावर खणू देत नाही, आणि खेळातल्या बोलण्यावर न्यायाधीश खणायचा हुकूम देणार नाहीत, असे तिला समजले आहे. ती म्हणाली, "एक्कावन्न वर्षं मी तिच्यावर चिडले होते, लोरेटा. पत्र नाही म्हणून. तिला तिथून बाहेर काढायचंय मला." मी काय सांगावे हे ती बोलली नाही.

२५ तारखेला वेंडेल फ्रोज कुणाच्या वतीने बोलत होता, असे विचारल्यावरून सांगते की, टोबियासचा कागद सोबत जोडला आहे. तो वेंडेलच्या अक्षरात आहे. त्यावर वय तीस आणि "घरचं कोणी नाही" असे लिहिले आहे. टोबियासला बाबा नाहीत, बहीण नाही, तळे नाही. त्या अकरा मिनिटांत मी फासे टाकायला सांगितले नाही आणि कुणी टाकलेही नाहीत. नियम माझा होता. त्या "मी"चा अर्थ काय, ते माझ्याइतके कुणाला ठाऊक नाही. तो टोबियास नव्हता. तो वेंडेल होता. हे सांगताना मला फार वाईट वाटते आहे. उद्या इंजिन माझे मीच लावीन.

झाकण उघडाल तेव्हा आर्डिथला जवळ उभे राहू द्यावे. वेंडेलला लांब गाडीत एकट्याला बसवू नये. चालणार असेल तर मी त्याच्याजवळ बसेन. असे जबाबात लिहीत नाहीत, असे कॉन्स्टेबल मॉरिन म्हणाल्या. मी लिहायला लावले.

येथवरचा मजकूर कॉन्स्टेबल मॉरिन यांनी मला सावकाश वाचून दाखवला व मी तो पूर्ण ऐकला. मजकुरात चार ठिकाणी "खेळातील पात्र म्हणाले" असे लिहिले गेले होते. ते चारही ठिकाणी माझ्या सांगण्यावरून खोडून "वेंडेल म्हणाला" असे केले असून प्रत्येक दुरुस्तीशेजारी माझी सही आहे. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे.

सही: लोरेटा हॅवरिलक. वेळ ११.३५.