माहेरचं आडनाव लिलावात

नाही, पण आडनाव? विकायला दुसरं काही सापडलं नाही का हो या माणसाला? लग्नात आलेल्या तीन इस्त्र्या होत्या, मावशीनं दिलेला तो भिंतीएवढा हरणांचा गालिचा होता, तो काढायचा की लिलावात, मी स्वतः गुंडाळून दिला असता! पण नाही. नवऱ्यानं काढलं काय, तर बायकोच्या माहेरचं आडनाव! मी ते उतरवून ठेवलेलं, त्याची ऊबसुद्धा अजून गेली नव्हती, आणि यानं त्याला किंमत लावून बाजारात उभं केलं!

आता तुम्ही म्हणाल, ही पोर इतकी का तडतडतेय. तर घरात मी बोलत नाही हो. सासूबाई येईल त्याला सांगतात, "आमची सेंका म्हणजे काय, घरात सून आहे की मांजर, कळत नाही." तेव्हा ते न बोललेलं सगळं साठलंय, ते आता तुमच्या अंगावर सांडणार. इलाज नाही. बसा.

तर आमचा वुकोता, म्हणजे हाच तो नवरा, नावं विकतो. इंटरनेटवरची. डोमेन म्हणतात त्यांना, म्हणजे दुकानाचा, माणसाचा, खानावळीचा तिथला पत्ता. एकदा घेतला की तुमचा, पण वर्षाचं भाडं भरायला विसरलात की तो मोकळा, आणि मोकळा झाला रे झाला की वुकोतासारखे लोक घारीसारखे टपलेले असतात, झडप घालतात आणि तोच पत्ता लिलावात काढतात. सासूबाईंना याचा कोण अभिमान! "लोक जमिनी विकतात. जमिनीला कर लागतो, कुंपण लागतं, वर भांडखोर शेजारी असतो. माझा वुकोता हवा विकतो, हवा! आणि लोक पैसे देतात!" झागोर्का नाव आहे त्यांचं, आणि हे वाक्य इथं राजधानीत, पोडगोरित्सात, आमच्या अख्ख्या इमारतीला पाठ आहे.

आणि त्यातून वुकोताची खासियत कुठली? आडनावं! आमचा देश एवढासा, आडनावं मोजकी, ताठा मात्र लोव्चेनच्या डोंगराएवढा. प्रत्येक कुळाचे निदान दोन तुकडे झालेले आणि एका तुकड्याचं दुसऱ्या तुकड्याशी बोलणं बंद. हा काय करतो, आडनावाचा पत्ता गुपचूप स्वतःच्या खिशात घालतो, लिलावात लावतो, आणि मग... जाहिरात करत नाही हं... मग अंत्ययात्रेला जातो! खरंच सांगते. आमच्याकडं माणूस गेला की विजेच्या खांबांवर त्याच्या फोटोसकट कागद लागतात. वुकोता ते वाचत फिरतो, जसे दुसरे लोक सिनेमाचे फलक वाचतात. काळं जाकीट चढवून दफनभूमीत पुरुषांच्या घोळक्यात उभा राहतो, उसासा टाकतो आणि हळूच म्हणतो, "काय दिवस आलेत, तुमचं आडनाव लिलावात निघालंय म्हणे. दुसऱ्या बाजूचे उचलणार, ऐकलं." बस्स! एवढंच. पुढचं काम खुन्नस करते. दोन्हीकडचे म्हातारे इरेस पेटतात. त्या लिलावात नियमच असा, शेवटच्या मिनिटाला कुणी बोली लावली की घड्याळ पाच मिनिटं पुढं सरकतं. इतर देशांत घड्याळ दोनदा सरकतं नि लिलाव संपतो. आमच्याकडं? जेवणं होतात, भांडी घासून होतात, घड्याळ आपलं सरकतंच आहे!

हे सगळं मला माहीत होतं का? होतं की! मी हसायचे त्यावर! मला काय ठाऊक, एक दिवस माझीच पाळी येणार.

लग्नाआधी हा मला भेटायला रिसानला यायचा. माझं माहेर तिथलं, अगदी खाडीवर. बाबांची बोट आहे, उन्हाळ्यात प्रवासी फिरवतात, त्यावर आमचं घर चालतं. आम्ही धक्क्यावर पाय सोडून बसायचो, आणि हा हनुवटीखाली हात घेऊन म्हणायचा, "सेंका, तुमच्या घराण्याबद्दल सांग ना." आणि मी सांगायचे! आम्ही स्कुरादिच. खालचे समुद्रावरचे आणि वरचे डोंगरातले. मधे कुळाचं एवढंसं चर्च, त्यात चारच माणसं मावतात, आणि त्याच्या किल्लीवरून पणजोबांपासून भांडण. कुळाच्या संताचा सण आला की आदल्या दिवशी वरचे येऊन कुलूप बदलतात, मग आम्ही ते फोडून आमचं लावतो, पुढच्या वर्षी उलटं. आजवर संताला फुलं कमी आणि कुलपं जास्त वाहिलीत आम्ही. वुकोता विचारायचा, "वरचा सगळ्यात तापट कोण?" मी म्हणायचे, "जाकशाकाका, बाबांचा चुलतभाऊ." "आणि त्याची ऐपत कशी आहे गं?" मी म्हणायचे, "शेळ्या आहेत, चीज आहे, मुलगा जर्मनीतून पाठवतो." "असं? अमेरिकेत कुणी?" आणि मला वाटलं, काय मन लावून ऐकतो हा मुलगा! माझ्या आधीच्या स्थळाला माझं आडनावसुद्धा धड म्हणता येत नव्हतं, आणि हा शेळ्यांची चौकशी करतोय!

तर एका सकाळी मी याला कॉफी द्यायला गेले आणि पडद्यावर पाहिलं... स्कुरादिच. त्यापुढं टिंब आणि आपल्या देशाची दोन अक्षरं. खाली घड्याळ. खाली बोल्या. बोली लावणाऱ्यांची नावं तिथं दिसत नाहीत, नुसते क्रमांक असतात, आणि दोन क्रमांक एकमेकांच्या उरावर बसलेले.

मी म्हटलं, "वुकोता, हे काय?"

"काय?"

"हे."

"अगं, तो माल आहे."

माल! माझे पणजोबा माल! मी म्हटलं, "काढून घे." तर म्हणतो, "एकदा बोली लागली की मागं घेता येत नाही, खातं बंद करतात, माझी सगळी नावं अडकतील." आणि सासूबाई आतून, कांदा चिरता चिरता, "सूनबाई, तू आता आमची झालीस ना? मग जुनं आडनाव तुला कशाला? जुनी चप्पल ठेवतं का कुणी?" ऐकलंत? चप्पल!

मी काही बोलले नाही. मांजर ना मी! बाहेर गॅलरीत जाऊन आईला फोन लावला, म्हटलं निदान माहेरी तरी सांगावं. आईचं नाव राहूद्या, ती नुसती आई आहे. ती म्हणते, "काही नाही गं, बाबा जरा घाईत आहेत, कोतोरचा एक माणूस बोट बघायला आलाय." मी म्हटलं, "बोट बघायला म्हणजे?" "विकायची म्हणतात. सगळ्या धक्क्यावर सांगत सुटलेत, बोट गेली तरी चालेल पण नाव वरच्यांकडं जाऊ देणार नाही."

त्या दोन क्रमांकांतला एक म्हणजे माझे बाबा! श्पिरो स्कुरादिच, ज्यांना घरात बसवलं तर खुर्चीसुद्धा डोलायला लागते, ते बोट विकून आडनाव घेणार, कुणाकडून? जावयाकडून! आणि त्यांना ते ठाऊकही नाही, कारण विकणाऱ्याचं नावही तिथं दिसत नाही! आता काय करायचं? बाबांना सांगावं की विकणारा तुमचा जावई आहे, तर ते बोटीतून थेट पोडगोरित्साला आले असते, मधे समुद्र नाही हे त्यांच्या लक्षात राहिलं नसतं. न सांगावं, तर बोट जाते. वुकोताला सांगावं? सांगितलं. म्हटलं, "बाबा बोट विकतायत." तर या माणसाचा चेहरा कसा झाला सांगू? झालाच नाही! म्हणतो, "बघू." बघू!

मी सगळी रात्र... नाही, ते जाऊद्या, रडण्याचं काय सांगायचं. रविवारी लिलाव संपणार होता, दुपारी दोनला. मी सकाळी म्हटलं, चर्चला जाते. सासूबाईंची गाडी काढली आणि गेले कुठं? वर! डोंगरात! जाकशाकाकाच्या दारात! खालच्या स्कुरादिचांपैकी माझ्या जन्मात कुणी त्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. कुत्रासुद्धा मला बघून भुंकायचा विसरला.

पोचले तर दोन वाजून गेलेले, तरी घड्याळ सरकतच होतं, आणि जाकशाकाका ओट्यावर. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात फोन, तोंडानं शिव्या. "आला खालचा! परत आला! थांब श्पिरो, तुझ्या बोटीचं लाकूड काढून शेकोटी करतो!" फोनवर बोट दाबलं. घड्याळ पाच मिनिटं पुढं. मग वर बघून, "तू कोण गं?"

"श्पिरोची सेंका."

काकू दारात पाहुणी दिसली म्हणून पर्शुत कापायला लागलेली, तिची सुरी तशीच थांबली. डुकराच्या त्या तांगडीवरसुद्धा शांतता पसरली. आणि मग मी बोलले. मांजर बोललं! म्हटलं, "काका, नाव तुम्ही घ्या की आम्ही, संताला काय फरक पडतो? पण बोट गेली तर बाबा उरणार नाहीत. ते समुद्राकडं तोंड करून नुसते बसतील. तुम्ही मोठे आहात. सोडून द्या." आणि डोळ्यांत पाणी, ते खरं होतं हो, नाटकाचं नव्हतं.

फोन टिणटिण करत होता, खालून बोली आलेली. काकू म्हणाली, "जाकशा, दारात आलीय. मागतेय." आमच्याकडं दारात आलेल्यानं मागितलं तर नाही म्हणायचं नसतं, मग तो शत्रू का असेना... शत्रू असेल तर विशेषच! काकांनी फोन पालथा घातला. रकियाचे, आमच्या घरच्या दारूचे, दोन पेले भरले. "शब्द दिला," म्हणाले. "श्पिरोला सांग, पोरगी त्याच्यापेक्षा शहाणी निघाली." आणि आम्ही तिथं बसून कॉफी उकळू दिली, चीज खाल्लं, आणि पालथ्या फोनखाली ते घड्याळ संपून गेलं. शेवटची बोली बाबांची. नाव बाबांचं. म्हणजे आता पैसे भरायचे, पण निदान आकडा तिथं थांबला! मी अर्ध्या वाटेत गाडी थांबवून बाबांना फोन लावला, छाती अशी फुगलेली... "बाबा! झालं! जाकशाकाकानं सोडलं! मी जाऊन विनवलं त्यांना!"

पलीकडं खुर्ची करकरली.

"काय केलंस?"

"विनवलं, बाबा. तुमच्या बोटीसाठी."

मग बाबा जे बोलले ते तुम्हाला सांगता येणार नाही, ती खलाशांची भाषा. त्याच्या मधेमधे मला कळलं ते असं, की बोट विकायचीच नव्हती! कोतोरचा माणूस हा बाबांचा पत्त्यांच्या डावातला भिडू! धक्क्यावरची बोंब ही वर ऐकू जावी म्हणून! बाबांना विकणारा कोण ते पहिल्यापासून ठाऊक, कारण बेतच दोघांचा, सासऱ्याचा नि जावयाचा! बाबांनी नुसती बोली चढवायची, जाकशाकाकाला पेटवायचं, काका शेवटी घेणार, आणि पैसे हे दोघं वाटून घेणार! "आणि एक, एकच बोली उरली होती गं!" बाबा ओरडत होते. "तो लावणारच होता! घरभेदी!"

घरभेदी! मी!

आईला विचारलं, "तुला माहीत होतं?" म्हणते, "थोडंसं." सासूबाईंना माहीत होतं. इमारतीतल्या खालच्या न्हाव्यालासुद्धा माहीत होतं! मी वुकोतापुढं उभी राहिले, म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?" तर म्हणतो, "तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं." आणि वर काय म्हणतो माहितीये? "सेंका, तू मला विश्वासात घ्यायला हवं होतंस." मी मागं वळून पाहिलं, म्हटलं हा दुसऱ्या कुणाशी बोलतोय का!

आता पैसे तर भरायलाच हवे, नाहीतर दोघांची खाती बंद. भरलेल्यातलं लिलाववाले आपला मोठा वाटा कापून घेणार, उरलेलं कधीतरी वुकोताकडं येणार, आणि तोवर बाबांनी आणायचे कुठून? बोट विकली. खरंच. आणि घेतली कुणी? जाकशाकाकानं! त्यांचे लिलावाचे पैसे उरले होते ना, माझ्या कृपेनं! ट्रकवर घालून डोंगरावर नेली, शेळ्यांच्या गोठ्यापाशी ठेवलीय, आणि तिच्या दोन्ही अंगांना हातभर अक्षरांत रंगवलंय, स्कुरादिच. येणारेजाणारे फोटो काढतात. आणि बाबांच्या त्या पत्त्यावर गेलात तर एक पांढरं पान दिसतं, त्यावर 'लवकरच येत आहे'. काय येतंय ते बाबांनाही ठाऊक नाही.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. वरचे मला सणाला बोलावतात. कुलूपसुद्धा या वर्षी बदललं नाही कुणी, त्याचा दोष पण माझ्यावरच.

आणि काल संध्याकाळी वुकोता स्वतः कॉफी करून घेऊन आला. माझ्याजवळ बसला, अगदी चिकटून. हनुवटीखाली हात घेतला आणि इतक्या मऊ आवाजात म्हणाला, "सेंका, तुझ्या आईच्या माहेरचं आडनाव काय गं?"

सांगितलं मी. आता इतक्या आपुलकीनं मला विचारणारा या जगात दुसरा उरलाय कोण?