आमच्या वरच्या खोलीतला किरण

...म्हटलं, "मॅडम, वारलेल्या माणसाची सही मी आणू कुठनं?" तर त्या म्हणतात, "मग वारलेल्या माणसानं खोली भाड्यानं दिली कशी?" आता बोला! पुण्यातल्या त्या परदेशी लोकांच्या ऑफिसात मी तसाच उभा, हातात लाईटबिल, आन् बिलावर नाव माझ्या बापाचं, हनुमंत! बाप जाऊन जमाना झाला, पण लाईटबिल राजुरीत कोण बदलून घेतं राव? बिल येतं, आपण भरतो, दिवे लागतात. ह्यात माझं काय चुकलं, तुमीच सांगा!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी धम्मपाल, एसटीचा रिटायर ड्रायव्हर. घरावर एक खोली बांधली. शेजारी गुलाबाचं पॉलिहाऊस हाय, त्याचा मालक एक दिवस आला, म्हणला, "पावणं, आमचा फुलांचा माणूस येतोय केनियाहून, देता का खोली?" दिली! नाव त्याचं पीटर किप्रोनो. आमच्या मंडळीला, मंगलला, ते नाव काय तोंडात बसंना, तिनं पहिल्याच दिवशी त्याचा किरण करून टाकला. ताडमाड गडी, दारातनं वाकून यायचा आन् आल्या आल्या "मामी, भाकर!" सुरवातीला मराठी एवढंच, पण नेमकं कामाचं! गावाला वाटायचं, आफ्रिकेचा म्हंजे सिंव्हाशी कुस्ती खेळून आलेला. आन् हा अंधार पडला का खाली उतरायचा न्हाई, बिबट्या दिसंल म्हणून! मी म्हटलं, "अरे, तुमच्यात तर सिंव्ह असतात!" तर म्हणतो कसा, "मामा, सिंव्ह पार्कात. तुमचा बिबट्या उसात!" खरं हाय की राव!

तर ह्या किरणला इथं राहायची आन् काम करायची परवानगी मुदत संपली का वाढवून घ्यावी लागायची. पहिल्या खेपेला कंपनीनंच केलं, आमाला पत्ता न्हाई. ह्या खेपेला म्हणले, घरमालकाचे कागद लागतील. म्हणून तर मी गेलो आन् ते लाईटबिलाचं झालं! मग काय... वारसाचे कागद काढले, ग्रामपंचायतीचा दाखला काढला, लाईटच्या ऑफिसात बापाला दुसऱ्यांदा मारला, तवा कुठं बिलावर माझं नाव आलं. मंगल म्हणली, "बरं झालं, किरणमुळं का व्हईना, घर तुमच्या नावावर झालं."

मग चौकशीला आमचे हवालदार गेणभाऊ. दार कुणी उघडलं? किरणनंच. गेणभाऊ त्याच्याकडं मान वर करून बघतात आन् विचारतात, "पीटर किप्रोनो हितंच राहतो का?" हा म्हणतो, "मीच." गेणभाऊ म्हणतात, "ते दिसतंय. पुरावा?" अहो, अख्ख्या जुन्नर तालुक्यात दुसरा किप्रोनो आणू कुठनं मी? पण दोन कप चहा पिऊन त्यांनी लिहिलं बाबा, राहतो म्हणून. किरण इतका खूश! लगेच घरी फोन लावला, त्याची बायको, बारकी पोरगी, सगळी स्क्रीनवर, ती पोरगी मंगलला बघून हात हलवती. "काम झालं" म्हणून सांगून टाकलं त्यानं घरी. सांगायला नको व्हतं... पण माणूस सांगतोच ना! ह्यात त्याचं तरी काय चुकलं?

कारण त्याच आठवड्यात मालकानं पॉलिहाऊस विकलं.

नवा मालक आला, म्हणला, किरण राहू दे. आमाला वाटलं, मिटलं. किरणला घेऊन परत पुणं. ह्या खेपेला साहेब व्हते, चांगला माणूस, खुर्ची दिली, पाणी दिलं, आन् मग म्हणले, "काका, ह्यांची परवानगी जुन्या कंपनीच्या नावावर आहे. नवीन कंपनी म्हणजे नवीन नोकरी. ह्यांना मायदेशी जाऊन पुन्हा अर्ज करावा लागेल." मी म्हटलं, "साहेब, शेड तेच, गुलाब तेच, माणूस तोच, निस्ती गेटवरची पाटी बदलली!" साहेब म्हणले, "काका, आमच्याकडं पाटीच नोंदलेली असते." ओरडला असता तर मी पण ओरडलो असतो... पण गोड बोलणाऱ्याशी भांडायचं कसं?

नव्या मालकाला सांगितलं, तर तो म्हणतो, "एवढं कोण थांबतंय? बघतो कुणीतरी हिथलाच." झालं! एवढ्या एका वाक्यात मालक मोकळा! येताना नारायणगावला किरणनं मला थांबवलं. मग म्हणला, "मामा, चहा घेऊ." घेतला. त्या रात्री त्यानं घरी फोन केला न्हाई. दुसऱ्या दिवशी पण न्हाई. मंगल जिन्यात उभी राहून मलाच विचारती, "अहो, सांगितलं का त्यानं पोरीला?" मला काय माहीत! मी काय केनियाचा पोस्टमन हाय?

गेला. मंगलनं बाजरीचं पीठ बांधून दिलं, मी म्हटलं, "अगं, विमानात चूल असती का?" तर माझ्यावरच डाफरली. मुंबईला विमानतळावर मीच गाडी घेऊन गेलो. दारातला शिपाई मला म्हणला, "तिकीट?" म्हटलं, न्हाई. "मग इथंच थांबा." तुमाला सांगतो, जल्मभर एसटी चालवली, हजारो माणसं उतरवली, कुणी उतरलं म्हणून मागं वळून बघितलं न्हाई. आन् त्या दिवशी... काचेतनं त्याचं डोकं सगळ्यांच्या वर दिसत व्हतं, लांबपतोर. उंच माणसाचं हेच वाईट, लवकर दिसेनासा होत न्हाई!

आता कालची गोष्ट. गेणभाऊ परत दारात! म्हणले, "परदेशी माणूस गेला, ह्याचा जबाब पायजे." नसलेला माणूस दाखवायचा कसा, सांगा! नेलं वर. खोली बघितली, मोरी बघितली, वाकून खाटंखाली पण बघितलं. म्हटलं, "गेणभाऊ, तो खाटंवर मावत नव्हता, खाली कुठला मावतोय!" हसले न्हाईत. लिहिलं, "खोली रिकामी." माझी सही घेतली. आन् जिना उतरता उतरता मला कानमंत्र देतात, "धम्मपाल, इथून पुढं तरी भाडेकरू नीट बघून ठेवत जा."

म्हटलं, "बघूनच ठेवला व्हता, गेणभाऊ... चला, चहा निवतोय."