नेढं नसलेली सुई

सुमती : चहा ठेव बाजूला. आधी हे भिंग धर आणि या चित्रातल्या फुलाचा दोरा कुठून निघतो ते मला दाखव.

अपूर्व : आई, माझा कॉल आहे आत्ता.

सुमती : कॉल गेला खड्ड्यात. आई काहीतरी विचारतेय ना? दाखव.

अपूर्व : कुठून म्हणजे? पानाखालून येतोय ना.

सुमती : आणि पानाखाली कुठून आला?

अपूर्व : कापडाच्या मागून असेल. मला काय कळतंय त्यातलं!

सुमती : मागून आला तर पुढे टाका दिसायला हवा. इथे टाकाच नाही. दोरा नुसता पानात शिरतो आणि विरघळून जातो. साखळी टाका म्हणावा तर कड्या एकमेकींत अडकलेल्या नाहीत, गाठीचा टाका म्हणावा तर गाठ नाही. आणि ही सुई बघ, फुलावर ठेवलीये शोभेला. नेढं कुठेय तिचं?

अपूर्व : नेढं?

सुमती : अरे, दोरा ओवायचं भोक! दोन्हीकडून टोकदार सुई, आणि दोरा चिकटलाय तिच्या पोटाला, जळवेसारखा. शी! सकाळपासून हेच बघतेय.

अपूर्व : प्रिंट खराब आली असेल गं. झेरॉक्सवाल्याने घाण केली असेल.

सुमती : झेरॉक्सवाल्याला मध्ये ओढू नकोस. प्रांजलने आमच्या भरतकामाच्या ग्रुपवर टाकलं, नॉर्वेचं मासिक आहे, कित्ती गोड म्हणून. सगळ्याजणी हुरळलो. रंगीत प्रिंट काढल्या. रंभाने तर मुखपृष्ठावरचं हेच फूल घेतलं भरायला. किशोरीच्या हळदीच्या ब्लाउजवर, पाठीला. एकुलती एक नात तिची.

अपूर्व : रंभामावशी? हे फूल भरत होती?

सुमती : का रे? तोंड का उतरलं तुझं?

अपूर्व : काही नाही. उकडतंय.

सुमती : पंखा डोक्यावर आहे. काल ती उरणहून आली होती, तू बाहेर होतास तेव्हा. ही एवढी पिशवी. रेशमाच्या लड्या, कापड ताणायच्या रिंगा, तिची ती छोटी कात्री, सगळं माझ्या पुढ्यात ओतलं आणि म्हणाली, 'तू वापर सुमती. माझं डोकं गेलं.'

अपूर्व : डोळे म्हणाली असेल. मोतीबिंदूचं झालं ना ऑपरेशन?

सुमती : डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, नजर लख्ख आहे. म्हणून तर घाबरली ती! दिसतंय सगळं आणि टाका उमगत नाही, म्हणजे बिघाड डोक्यातच. तिच्या आईचं काय झालं होतं माहितेय ना? जन्मभर जाळी विणलेली बाई, आणि एके दिवशी दोरा हातात घेऊन विचारायला लागली, याचं काय करायचं असतं गो? मग पोटच्या पोरीलाही ओळखेना. रंभाला आता तेच दिसतंय. सोमवारी मेंदूच्या डॉक्टरकडे जायचंय. किशोरीला म्हणते, मी तुला ओळखतेय तोवर हळद लावून घे.

अपूर्व : बाप रे.

सुमती : हे ब्लाउजचं कापड. हात लाव, घाबरू नकोस. उसवून उसवून पार जाळी झालीये त्याची.

अपूर्व : आई, ऐक. एआयने काढलेलं असणार हे चित्र. हल्ली खूप चालतं असं. मावशीला सांगून टाक ना, टेन्शन नको घेऊ म्हणावं.

सुमती : एवढं तर मला प्रांजलही सांगेल. शेवटचं पान काढ. वाच. इंग्रजी नको, मराठीत सांग मला.

अपूर्व : आत्ता?

सुमती : आत्ता.

अपूर्व : 'जगभरातली माझी आवडती भरतकामाची मासिकं. लेखिका, आपली संपादक इंग्रिड.'

सुमती : पुढे.

अपूर्व : 'जपानी मासिकातलं एक अक्षर मला वाचता येत नाही. पण आकृत्या अशा, की कुणी शेजारी बसून हात धरून शिकवावं. सुई कुठे घाल, कुठे काढ, सगळं बाण काढून दाखवलेलं.'

सुमती : बरोबर आहे बाईचं. पुढे?

अपूर्व : 'फ्रेंच मासिकातला नमुन्यांचा मोठा कागद म्हणजे रंगीत रेषांचा नुसता गुंता. मी तो कधी कापला नाही. बेडरूमच्या खिडकीच्या काचेवर चिकटवायचा आणि उन्हात गिरवून घ्यायचा. नवरा ओरडायचा, खोलीत अंधार केलास म्हणून.'

सुमती : तुझे बाबा नॉर्वेत कधी गेले होते रे?

अपूर्व : आई...

सुमती : वाच म्हणते ना!

अपूर्व : 'सगळ्यांत जीव आहे तो ऑस्ट्रेलियन मासिकावर. मैत्रिणीचा नवरा बंदरावर कामाला होता. जहाजावरच्या लोकांनी टाकून दिलेली मासिकं तो घरी आणायचा. हे आलं सुक्या जवळ्याच्या पिशवीतून. आजही उघडलं की पहिल्यांदा जवळाच येतो नाकात.'

सुमती : नॉर्वेत जवळा कोण वाळत घालतं, अपूर्व?

(अपूर्व भिंग टेबलावर ठेवतो.)

सुमती : माझा गुडघा धरला होता तेव्हा. तू तेल चोळत बसला होतास आणि विचारलंस, आई, तुझी आवडती मासिकं कुठली गं? मला इतकं बरं वाटलं होतं! या घरात आजवर कुणी विचारलं नव्हतं मला ते. वेड्यासारखी बोलत सुटले. आणि तू फोन पालथा घालून ठेवला होतास शेजारी. रेकॉर्ड करत होतास?

अपूर्व : हो.

सुमती : शी.

अपूर्व : आई, माझी नोकरी गेलीये. दिवाळीपासून. तुला सांगायची हिंमत झाली नाही.

सुमती : मग हे रोजचे कॉल?

अपूर्व : कुणाचेच नसतात. दार लावून असली खोटी मासिकं बनवत बसतो, जाहिरातींचे चार पैसे मिळतात. क्रोशाचं एक आहे, विणकामाचं एक आहे. सगळे करतात गं असलं. कंटेंट असतं ते. लोक बघतात, छान वाटतं, पुढे जातात. खरंच सुई-दोरा घेऊन कोण बसतं?

सुमती : कोण बसतं! भरतकामाचं मासिक घेऊन माणूस दुसरं काय करणार, वारा घेणार?

अपूर्व : मला वाटलं, नुसतं बघतील.

सुमती : नोकरी गेली तर जाऊ दे. आईला सांगायचं, रडायचं, दोघांनी मिळून निभावलं असतं. पण हे काय केलंस? माझ्या खिडकीतलं ऊन, तुझ्या बाबांचं ओरडणं, रंभाच्या गणूभावजींचा जवळा, सगळं उचलून त्या बयेच्या तोंडात कोंबलंस! आणि तोंड तरी माणसाचं आहे का? फोटोत दात बघ, संपतच नाहीत. किळस येते रे मला. तिची नाही, तुझी. त्या तेलाच्या हातांची आठवण झाली की पाय घासून धुवावासा वाटतो.

अपूर्व : मी डिलीट करतो सगळं. तुझ्यासमोर करतो.

सुमती : ते करशीलच. आधी रंभाला फोन लाव.

अपूर्व : तू बोल ना. चित्र चुकीचं होतं एवढंच सांग. माझं नाव कशाला त्यात?

सुमती : अजून लपायचंच आहे? अरे, मी सांगितलं तर तिला वाटणार, सुमती समजूत घालतेय. इतकी वर्षं ओळखते ती मला. ज्याने ते फूल केलं त्यानेच सांगायला हवं. लाव. स्पीकरवर टाक.

रंभा : हां, बोल गो सुमती.

अपूर्व : मावशी, मी अपूर्व बोलतोय.

रंभा : अरे बाला! जेवलास का?

अपूर्व : मावशी, ते ब्लाउजचं फूल...

रंभा : आयनं सांगितलं वाटतं तुला. ऱ्हाऊ दे बाला. किशोरीला बोल्ली मी, तयार ब्लाउज आन. आता माज्या हातून व्हायाचं नाय.

अपूर्व : ते फूल मी केलंय, मावशी.

रंभा : तू? तू कवा शिकलास भराया?

अपूर्व : नाही शिकलो. मी कम्प्युटरला सांगितलं, त्याने चित्र काढलं. मला टाक्यांतलं काही कळत नाही, त्यालाही नाही. ती नॉर्वेची बाईसुद्धा खोटी आहे. मीच आहे ती.

रंभा : थांब, थांब. म्हंजे हे फूल कुनी भरलंच नाय?

अपूर्व : कुणीच नाही.

रंभा : आनि भराया गेलं तर?

अपूर्व : भरता येणारच नाही. कुणालाच.

रंभा : तुज्या आयला पन नाय?

सुमती : मी इथेच आहे गं. सकाळपासून भिंग घेऊन बसलेय. नाही येत.

रंभा : आनि त्या जपानवाल्या बायकांना?

सुमती : त्यांच्या सात पिढ्यांना येणार नाही.

रंभा : मेल्या, देवाम्होरं बसून रडली रं मी! मना माज्या आयचं तोंड दिसत व्हतं. पोरीला सांगून ठेवलं, मी इसरली तरी तू माज्याजवल बस म्हनून.

अपूर्व : चुकलं, मावशी. मी उद्या येतो, पाया पडतो तुमच्या.

रंभा : नको येऊ. तोंड नको दावू मना इतक्यात. थू!

सुमती : बरं केलंस. मीही 'शी'च म्हटलं त्याला.

अपूर्व : मावशी, ऐका ना... मावशी?

सुमती : रंभा? काय करतेयस? रडतेयस का गं?

रंभा : नाय गो. येक सुई रायली व्हती डब्यात. दोरा ओवून बगितला. गेला.