आत एकानेच जायचं

श्टुटगार्टच्या बालरोगतज्ज्ञाकडे नंबराची वाट बघताना सुलेखाच्या कानावर अस्सल मराठी पडलं, आणि तिने मासिक वाचण्याचं सोंग अधिकच मन लावून सुरू केलं. समोर सासू, सून, मुलगा आणि मुलाच्या मांडीवर दोन वर्षांचा विहान.

"आत एकच एल्टर्नटाइल, म्हणतेय सिस्टर."

"म्हणजे आई की बाप, अनिमेष?"

"दोघांतलं कुणीही, आई. त्या शब्दाला मिशाही नाहीत आणि कुंकूही नाही."

"अहो आई, आमच्या लॅबमध्ये तर बटाट्याच्या जन्मदात्यालाही नुसतं एल्टर म्हणतात. नर की मादी, कुणी विचारत नाही."

"बटाट्याला इंजेक्शन टोचत नाहीत, वैभवी. लेकराला आईच लागते. ऊठ तू."

"हो, मीच जाते. ये रे विहान."

"पापा!"

"अरे, मी आहे ना राजा..."

"नाइन! नको! पापा!"

"वर्षभर मी रजेवर घरी होतो ना, म्हणून गं. होईल तुझीही सवय."

"जा तू, अनिमेष. सिस्टर दार धरून उभी आहे."

दोघे आत गेले. दार लागलं.

"पर्समध्ये काय शोधतेस गं?"

"रुमाल, अहो आई."

"हा घे माझा. अनिमेषच्या वेळी दर खेपेला मीच आत, आणि हे बाहेर पेपर वाचत. मला वाटायचं, काय मजा आहे यांची!"

"आणि?"

"घरी येऊन विचारलं, तर पेपरातली एक बातमी सांगता यायची नाही त्यांना."