वरच्या दोन खोल्या

—नको, नको, अक्का, ट्रंक उतरवूच नका! ए टांगेवाले, निल्सो — थांब म्हणते ना! काय म्हणता? ऐकू येत नाही? येणार कसं! ह्या ठोकाठोकीत माझं मला ऐकू येत नाही. जरा खाली वाका — हं. हवा पालटायला आलाय ना? सप्तापूरच्या हवेला कोण नावं ठेवतंय हो, पण ह्या पद्मनाभरावाच्या आरोग्यनिवासात पाऊल टाकू नका. ‘बाई, इथं पाखरांशिवाय दुसरा आवाज नाही’ — माझ्या तोंडावर सांगितलंन! पाखरं? पाखरं केव्हाच पळाली! उजाडलं की गवंडी, पाथरवट, सुतार, सगळी वरात हजर. उन्हाळ्यात मुंबईची बडी मंडळी येणार म्हणे, त्यांना माडी पाहिजे, गच्ची पाहिजे, नळाची मोरी पाहिजे — आणि आम्ही? आमच्या भातावर चुना, ताकाच्या तळाशी वाळू! काल परांचीखाली उभी राहून ओरडले, तर तो गवंडी वरनं हसतोय — ‘स्वल्प तडीरि, यव्वा.’ थोडं थांबा! मी थांबेन रे मेल्या, पण पोटातलं पोर थांबतंय का?

माझं नव्हे हो! माझं वय आहे का आता! सुनेचं, कुसुमचं. त्या आतल्या खोलीत पडून आहे. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेलं. डॉक्टरनं बजावलंय, पडून राहायचं, दचकायचं नाही — आणि इथं घणाचा घाव पडला की पोर दचकते, पोटावर हात धरते. रात्र-रात्र तळवे चोळते मी तिचे, मीच चोळते, दुसरं कोण आहे? आता तुम्ही म्हणाल, हुबळीला घर असताना आणलीत कशाला. सांगते की. आमच्यात गरवार बाई घरात असली की भिंतीला खिळासुद्धा मारत नाहीत, उंबरा हलवत नाहीत. तुमच्यातही? बघा! आणि तिकडं आमच्या यशवंतानं — माझा मुलगा — दुकानावर दोन खोल्या काढायला घेतल्यात. मग म्हटलं, बाईच घरात नसली तर दोष लागायचा कुणाला? माझीच युक्ती ही. आणि झालं काय — आगीतून उठून फुफाट्यात! तिथला हातोडा चुकवला, तर हा घण छातीवर.

माहेर? आहे की, कलघटगीला. आई आहे, भाऊ आहे, नारायण — तो भारी चौकस! तिकडं धाडली असती तर उद्या हा हुबळीला येणार, माडीकडं मान वर करून बघणार, विचारणार, खोल्या कुणासाठी हो? म्हणून — तुम्हीपण तेच विचारा! बांधकाम पुढं का नाही ढकललं म्हणता? कसं ढकलणार! माघात मुहूर्त आहे. कसला म्हणजे? वास्तूचा... वास्तूचाच. आता तुम्ही परक्या, आज भेटलात, उद्या नाही, तुमच्यापासून काय लपवायचं? हिला होईल-न होईल, देवाच्या हाती. झालं तर मुलगाच होईल कशावरून? अळणावरच्या मंडळींना मी शब्द देऊन बसलेय. पोरगी धडधाकट आहे, पाच भावांची बहीण! यशवंता नको-नको म्हणतो, त्याला काय कळतंय? त्याचे वडील गेले तेव्हा दुकान कुणी राखलं? मी! डोळे मोठे करू नका अक्का, आणि हळू कशाला बोलू? तिला कुठलं ऐकू येतंय आत! बोंब मारली तरी ह्या घणांखाली कळायचं नाही. मी काय कसाई आहे? हिला टाकतेय का? खालच्या घरात राहील, खाईल, पिईल, माझ्या डोळ्यांसमोर असेल. पण दुसरी आणायची म्हटल्यावर तिला निजायला वर खोली नको का?

—थांबले? एकदम कसे थांबले मेले? भाकरी खायला उतरले वाटतं. मी... फार मोठ्यानं बोलले का हो?

कुसुम! उठलीस कशाला तू? डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस? कधीपासनं उभी आहेस दारात? अगं, ह्या अक्कांना आपलं बांधकामाचं सांगत होते, सहज — पदर कशाला खोचतेस? कुठं निघालीस? कलघटगीची मोटार? वेड लागलंय का, धक्के बसतील, भलतंसलतं झालं म्हणजे! अक्का, तुम्ही ट्रंक कशाला सरकवताय? तिला जागा करू नका, सांगून ठेवते! आमच्या घरातलं आहे हे! टांगेवाले, निल्सो! अरे, आता तर कसला आवाज नाही, तरी ऐकत नाही कुणी —

कुसुम... हळू चढ गं. पायरी उंच आहे.