मेव्हण्याचं झाड

(संध्याकाळचा माळ. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर मेव्हणा दोन्ही हात पसरून उभा. समोर स्टुलावर भाऊजी, मांडीवर ओला कागद.)

भाऊजी : हलू नकोस! डावी फांदी खाली आली.

मेव्हणा : फांदी नाही भाऊजी, हात आहे तो. आणि भरून आलाय.

भाऊजी : झाड पाडताना नाही भरून आला?

मेव्हणा : चुकलो म्हटलं ना! वाटलं, झाडच नसलं की तुमचा चित्राचा नाद सुटेल आणि ताई घरी परतेल. सुंठीवाचून खोकला जाईल.

भाऊजी : अरे शहाण्या, तिची अट काय होती? 'ते झाड पुरं होईल तेव्हाच तुमचा उंबरा ओलांडीन.' आणि तू चित्र अर्धं असताना झाडच पाडलंस!

मेव्हणा : आजवर लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. झाड मात्र तुम्हीच केलंत.

भाऊजी : बोलू नकोस. पानं हलतात.

मेव्हणा : कसली पानं?

भाऊजी : मिशी.

मेव्हणा : लवकर उरका हो. ताईने आमचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलंय. साखरेच्या डब्यात मीठ, मिठाच्या डब्यात बटणं. आता माझी बायको निघालीये तिच्या भावाकडे.

भाऊजी : मग त्याला कळव, हात पसरून उभं राहायचा सराव कर म्हणावं.

मेव्हणा : थट्टा सुचतेय! ताई कशावरून गेली, ते तरी ठाऊक आहे?

भाऊजी : चहात ब्रश बुडवला म्हणून.

मेव्हणा : चहाचं काही नाही तिला. रोज ती इथवर चहा घेऊन यायची, आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, 'सरक, झाड झाकलं जातंय.' माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, एवढ्या संसारात माझ्या वाट्याला एकच शब्द आला. सरक.

भाऊजी : रडली?

मेव्हणा : हमसून हमसून.

भाऊजी : मला कुणी बोललं नाही.

मेव्हणा : तुमची नजर झाडावर! आज माझ्यावर आहे, म्हणून सांगतोय.

भाऊजी : गप. उजेड चाललाय. कागदावरचं आकाश ओलं आहे तोवर खोड उतरायला हवं... कोण येतंय रे तिकडून?

ताई : अरे, जेवणं खोळंबली, कुठे उलथलास तू... अगं बाई! हे काय?

मेव्हणा : झाड.

ताई : उतर आधी खाली!

भाऊजी : नको! तू... तू पण तिथेच थांब. बुंध्याशी.

ताई : झाड झाकलं जाईल तुमचं.

भाऊजी : जाऊ दे. थांब.

(ताई बुंध्याशी जाऊन उभी राहते.)

मेव्हणा : भाऊजी, माझ्या नाकावर डास बसलाय.

भाऊजी : बसू दे. झाडावर बसतातच.

ताई : झालं? बघू. अहो, झाडाला घड्याळ घातलंय!

भाऊजी : दिसेल ते काढतो मी.

ताई : आणि हा खाली डाग कसला?

भाऊजी : तू.

ताई : मला नाक-डोळे नाहीत.

भाऊजी : काळोख झाला गं. उद्या कोरा कागद घेऊन नीट...

ताई : तुम्हाला तर एकटंच झाड हवं होतं.

भाऊजी : हवं होतं.

ताई : मग कोरा कागद नको. हे पुरं झालंय.

मेव्हणा : पुरं झालं? ताई, मग हात खाली घेऊ?

ताई : थांब रे जरा. अजून ओलं आहे.